रिटायर झाल्यावर कुठल्या गावात राहायला जायचं? सारखे येणारे प्रश्न

आम्ही दोघं २०१८ च्या मे महिन्यात डोंबिवलीचं घर बंद करून निघालो, आधी दापोलीजवळच्या एका खेड्यात सव्वा वर्ष भाड्यानं राहिलो आणि मग साताऱ्यात आलो ते आजपर्यंत. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, मैत्रिणींच्या नणंदा-जावा सगळे विचारत असतात, आणि प्रश्न बरेचसे तेच असतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, रिटायर झाल्या झाल्या लगेच जावं की थोडं थांबून?

घर विकून लगेच जाऊ नका, पण पंचाहत्तरीपर्यंत थांबूही नका. नवीन गावात ओळखी व्हायला पायात ताकद लागते. रोज भाजीला जाणं, देवळात जाणं, कोणाच्या घरी बारसं असलं तर जाऊन येणं, हे साठीत जमतं, पुढे गुडघे बोलायला लागले की माणूस घरातच बसतो आणि मग गाव कितीही छान असलं तरी खिडकीतून दिसतं तेवढंच. माझ्या मते साठ ते पासष्ट हा काळ चांगला, फक्त पहिलं वर्ष भाड्यानं राहायचं (प्रश्न ५ बघा).

२. गाव बघताना सगळ्यात आधी काय बघायचं? हवा, पाणी, की जागेचे भाव?

हॉस्पिटल. मला माहितीये हे ऐकायला आवडत नाही, सगळ्यांना नदी, डोंगर, शांतता यावर बोलायचं असतं. पण आमच्यावर काय गुजरलं ते सांगते.

२०१९ चा जुलै, रात्री साडेअकरा. ह्यांना छातीत दुखायला लागलं, घाम सुटला, बनियन पिळून काढावा इतका. बाहेर धो धो पाऊस, लाइट संध्याकाळपासून नव्हते. शेजारच्या दादांनी त्यांची गाडी काढली. तालुक्याच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये गेलो, तिथे ईसीजी काढला आणि इथे पुढचं काही होणार नाही म्हणाले, मग घाट उतरून खेड, तिथून हायवेनं चिपळूण, समोरचा रस्ता दिसत नव्हता आणि मी मागच्या सीटवर ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. अडीच तास गेले. ब्लॉकेज निघालं, पुढे स्टेंट टाकला, आज हे ठणठणीत आहेत. पण ते अडीच तास मी विसरू शकत नाही.

हार्टला तर एकेक मिनिट मोजावं लागतंच, लकव्याचंही तेच, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला लागतो. म्हणून गाव आवडलं की तिथल्या नाहीतर सगळ्यात जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात स्वतः जा आणि विचारा: कॅथलॅब (हार्टचं ब्लॉकेज बघून स्टेंट टाकतात ती खोली) आहे का, रात्री दोनला कार्डिओलॉजिस्ट येतो का की फोनवर सांगतो, सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो का, डायलिसिस आहे का, ब्लड बँक कुठे आहे. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारू नका, सिस्टरांना विचारा, त्या खरं सांगतात. आणि मग घर बघताय तिथून हॉस्पिटलपर्यंत एकदा रात्री, शक्यतो पावसात, गाडीनं जाऊन बघा. पाऊण तासाच्या वर वेळ लागत असेल तर मी ते घर घेणार नाही, मग समोर समुद्र असो नाहीतर सह्याद्री.

३. तुम्ही नावं सांगा ना, महाराष्ट्रात नक्की कुठली गावं बरी?

सांगते, पण ही माझी मतं आहेत, स्वतः पाहिलेल्या आणि तिथे राहणाऱ्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टींवरून बनलेली.

सातारा आमचं, त्यामुळे थोडं झुकतं माप असणार. पुण्याहून साधारण ११० किलोमीटर, हायवेवर, हवा छान, कासचं पाणी, गावात नगर वाचनालय, टेकडीवरच्या चार भिंती या ठिकाणापर्यंत सकाळी फिरायला जायचं तर रोज तीच माणसं भेटतात आणि एक दिवस नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी विचारतात काल का नाही आलात. कमी काय, तर जुनं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे, चढ-उतार फार, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या सपाट भागात घर बघावं. रेल्वे स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. आणि पुण्याला जाताना खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी अडकायला होतं.

वाई फार गोड गाव. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचं काम इथून चालायचं त्यामुळे वाचणाऱ्या माणसांची परंपरा आहे. पण मोठ्या दुखण्याला सातारा किंवा पुणे गाठावं लागतं, तेवढी मनाची तयारी ठेवा.

मिरज-सांगली हे नाव कोणी घेत नाही आणि मला त्याचं नवल वाटतं. मिरजेत डॉक्टर वॉनलेस १८९० च्या दशकात आले आणि त्यांनी हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून हे गावच डॉक्टरांचं गाव झालंय, कर्नाटकातून लोक ट्रीटमेंटला येतात. सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रेल्वेचं जंक्शन आहे. सांगलीत नाटकाचं वेड, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथेच केलं. उन्हाळा कडक आणि पुराचा प्रश्न आहे (प्रश्न ६), पण रात्री दोन वाजता डॉक्टर मिळेल का या परीक्षेत हे गाव माझ्या यादीत वर आहे.

कोल्हापूर मोठं शहर झालंय तरी माणसं जिव्हाळ्याची, हॉस्पिटलं भरपूर, दूध-भाजी उत्तम. नाशिकची हवा चांगली, दवाखाने चांगले, फक्त आता सिंहस्थाची वर्षं आहेत, गर्दी आणि खोदकाम दोन्ही सोसावं लागेल, मी असते तर तो होऊन जाऊ दिला असता. तळेगाव दाभाडे मुंबई-पुण्याच्या मधे, लोणावळा-पुणे लोकल आहे, मुलं पुण्यात असतील तर हे सोयीचं. पूर्वीचं शांत बंगल्यांचं तळेगाव आता बरंच बदललंय, टॉवर आलेत.

सावंतवाडी-कुडाळ हा पट्टा ज्यांना कोकणच हवंय त्यांच्यासाठी मला बरा वाटतो. मोती तलावाकाठी संध्याकाळी फिरणं म्हणजे सुख आहे, कोकण रेल्वे आहे, २०२३ पासून गोव्यातल्या मोपाचा विमानतळ जवळ आलाय, आणि मोठं काही झालं तर लोक गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालंय. पुढे मागे तिथली सोय अजून वाढेल.

सीमेपलीकडचं बेळगावही बरेच जण विचारतात. हवा सुंदर, मराठी सगळीकडे चालतं, मोठं हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज आहे. पण राज्य बदललं की आपल्या राज्याच्या सवलती बदलतात (प्रश्न १२).

४. कोकणात समुद्राजवळ छोटंसं घर हे आमचं आयुष्यभराचं स्वप्न आहे. घेऊ का?

एक पूर्ण पावसाळा तिथे काढा आणि मग मला विचारा. आम्हालाही तेच स्वप्न होतं. ऑक्टोबर ते मार्च स्वर्ग. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून घरात काय काय होतं ते सांगते. कपाटातल्या सुती साड्यांवर पांढरे ठिपके येतात. पापडाच्या डब्याचं झाकण उघडलं की वास येतो. मिठाचं पाणी होतं. चिऱ्याच्या भिंतीला आतून ओल धरते, अंगणात शेवाळ, मी दोनदा घसरले, दुसऱ्यांदा मनगटाला प्लॅस्टर. चपला वाळत नाहीत. लाइट गेले की इन्व्हर्टर चार तास, मग मेणबत्ती, मोबाइलची रेंज पण त्याबरोबरच जाते. शेजार फार प्रेमाचा होता, रोज कोणीतरी डोकावून जायचं, फणस यायचे, ओले काजू यायचे, त्याला तोड नाही. पण आजूबाजूची निम्मी घरं बंद, तरुण सगळे मुंबईला, आणि गावात सगळ्यात तरुण ड्रायव्हर पंचावन्न वर्षांचा.

आम्ही निघून आलो आणि पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या घरमालकांच्या सुपारीच्या बागेत उभं झाड राहिलं नाही, लाइट यायला कितीतरी आठवडे लागले. फोनवर ते रडले तेव्हा मी पण रडले.

तरीही जायचंय, तर खेड्यापेक्षा तालुक्याच्या गावात घ्या, रत्नागिरी, चिपळूणचा उंचावरचा भाग, सावंतवाडी, कुडाळ. किनाऱ्याला लागून असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची परवानगी तपासा, भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर काय बांधता येतं याचे नियम कडक आहेत आणि विकणारा ते सांगत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी किती राहतं ते बघा, इतका पाऊस पडून पण कोकणात उन्हाळ्यात टँकर येतात. आमच्या एका स्नेह्यांनी मस्त मधला मार्ग काढलाय, मुक्काम कोल्हापुरात आणि दिवाळी ते होळी मालवणात भाड्याची खोली.

५. भाड्यानं राहून बघा म्हणता, पण किती दिवस? एक महिना पुरे नाही का?

नाही पुरत. महिनाभर माणूस पाहुणा असतो. एक पावसाळा आणि एक मे महिना, दोन्ही त्याच घरात काढायचे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन रजिस्टर होतो, तो करूनच राहा, तोंडी नको.

त्या काळात स्वतःचं घर विकायचं नाही, फर्निचर न्यायचं नाही. दोन पलंग, गॅस, कुकर, खुर्च्या, बस. आणि रोजची कामं स्वतः करून बघा: बँकेत जा, दाताच्या डॉक्टरकडे जा, प्लंबरला बोलवा आणि तो किती दिवसांनी येतो ते बघा, कामाला बाई मिळते का बघा, औषधाच्या दुकानात तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्याच कंपनीच्या मिळतात का बघा. आमच्या खेड्यात एक गोळी दर महिन्याला मागवून घ्यावी लागायची, आणि पावसात ती वेळेवर यायची नाही.

६. घर पुरात जातं की नाही हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

ब्रोकरला विचारून कळणार नाही. पाटबंधारे खात्यानं नद्यांच्या कडेनं पूररेषा आखलेल्या असतात, निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नगरपालिकेत डीपी, म्हणजे गावाचा विकास आराखडा बघायला मागा, त्यावर त्या असतात. पण नुसत्या रेषेवर विसंबू नका. सांगली-कोल्हापूर २०१९ ला बुडालं, २०२१ ला परत पाणी आलं, चिपळूण आणि महाड २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलं, चिपळुणात तर बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. या गावांत घर बघताना गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा "पाणी कुठपर्यंत आलेलं हो?" तो हात वर करून भिंतीवर दाखवतो. काही ठिकाणी रेघ अजून दिसते. तळमजला तर नकोच, आणि पहिला मजला असला तरी लिफ्टचं मशीन आणि मीटर रूम कुठे आहे ते बघा, ते खाली असेल तर पूर ओसरल्यावरही तुम्ही कितीतरी दिवस वरच अडकता.

७. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान? थंड हवा, आजार नाहीत.

फिरायला जा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते चार महिने घरं गवतानं झाकून ठेवतात. दमा, संधिवात असणाऱ्यांना तो ओलावा सोसत नाही. माथेरानला तर गाडीच जात नाही. शिवाय हे सगळे इको सेन्सिटिव्ह झोन आहेत, बांधकामावर बंधनं आहेत, आणि सीझनला पर्यटकांच्या गाड्यांत तुमची अँब्युलन्स अडकते. वाई किंवा साताऱ्याला राहून वाटेल तेव्हा वर जाऊन यावं.

८. फ्लॅट घ्यावा की बंगला? आयुष्यभर फ्लॅटमध्ये राहिलो, आता बाग हवी.

बाग हवीच असते, मला पण हवी होती. बंगल्याचा विचार करताना एवढंच डोळ्यासमोर आणा की दोघांपैकी एकच माणूस तिथे आहे, वय अठ्ठ्याहत्तर, रात्रीचे लाइट गेलेत आणि गेट उघडं राहिलंय. तरी चालेल असं वाटलं तर घ्या.

आम्ही फ्लॅट घेतला, तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट आहे, खालीच तीन बिऱ्हाडं मिळून आम्ही कढीपत्ता, जास्वंद, गवती चहा लावलाय. कुठलंही घर घ्या, बाथरूम आधी बघा. उंबरा किती उंच आहे, फरशी गुळगुळीत आहे का, कमोडशेजारी भिंतीत हँडल बसेल का, दार बाहेर उघडतं का. आत उघडणारं दार असलं आणि माणूस आत पडला तर दार उघडताच येत नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये एका आजींच्या बाबतीत झालं तसं, शेवटी बिजागरी काढावी लागली. तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी बाथरूमची आतली कडी काढून टाकलीये.

९. फक्त ज्येष्ठांसाठीच्या सोसायट्या निघाल्यात, जेवण-डॉक्टर सगळं देतात. त्या कशा?

ज्यांना स्वयंपाकाचा कंटाळा आलाय आणि घरात माणसं नाहीत त्यांना बऱ्या. पुण्याच्या आसपास अशा बऱ्याच आहेत. २०२४ मध्ये महारेरानं (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम घालून दिलेत, लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर जाईल असं निदान ९०० मिलिमीटर रुंदीचं दार वगैरे, तर प्रकल्प महारेरात ज्येष्ठांचा म्हणून नोंदलेला आहे का ते बघा, नुसतं जाहिरातीत आजी-आजोबांचा हसरा फोटो असून उपयोग नाही.

सह्या करायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा. महिन्याचा चार्ज दरवर्षी किती वाढणार. अंथरुणाला खिळलो तर तिथेच ठेवणार की घेऊन जा म्हणणार. आणि आमच्या पश्चात फ्लॅटचं काय, मुलांना राहता येणार का, विकायचा तर कोणालाही विकता येणार का. तिसऱ्या मुद्द्यावर बरेच जण फसलेत. मला वैयक्तिक विचाराल तर सगळे म्हातारेच असलेल्या ठिकाणी मला करमणार नाही, जिन्यात पोरांचा दंगा लागतो मला, पण हा ज्याचा त्याचा स्वभाव.

१०. गावाकडे खर्च निम्म्यावर येतो म्हणतात, खरंय का?

निम्म्यावर नाही येत. घरभाडं, भाजी, दूध, कामाच्या बाईचा पगार, रिक्षा यात फरक पडतो. पण मुंबईला महिन्या-दोन महिन्यांतून जाणंयेणं, मोठ्या तपासण्यांसाठी पुणे, पाहुण्यांची वर्दळ (गावाला घर घेतलं की सगळे सुट्टीत तुमच्याकडेच), इन्व्हर्टर, घराची डागडुजी, हे खर्च नव्यानं सुरू होतात. पहिल्या वर्षी वहीत रोजचा खर्च लिहा, अंदाजानं काही ठरवू नका.

११. शेतजमीन घेऊन छोटं फार्महाऊस बांधलं तर? एजंट म्हणतो पाच गुंठे देतो, सातबाऱ्यावर नाव लावतो.

यातच माणसं सगळ्यात जास्त पैसे घालवतात म्हणून नीट वाचा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम ६३. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर कुठेतरी सातबारा असेल तर तो शेतकरी असल्याचा पुरावा. नसेल तर एनए, म्हणजे बिगरशेती झालेलाच प्लॉट घ्यायचा. "एनए होणार आहे", "एनए प्रोसेसमध्ये आहे" याला काही अर्थ नाही, ऑर्डर हातात बघा.

दुसरं, तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक आकारापेक्षा लहान तुकडे पाडून शेतजमीन विकायला बंदी. गुंठा-गुंठा पाडून दहा-बारा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवतात, हिस्सा कुठला ते कागदावर नसतंच. पुढे एकानं भांडण काढलं की सगळे अडकले. सरकारनं अलीकडे काही भागांत सवलत दिलीये पण तुमचा प्लॉट त्यात बसतो का हे तलाठ्याकडे आणि वकिलाकडे विचारा, एजंटकडे नाही. आणि वकील तुमचा असावा, एजंटनं आणलेला नको.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या नावानं घेऊ का असंही विचारतात. एनआरआय किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) असलेल्याला शेतजमीन, फार्महाऊस, मळे विकत घेता येत नाहीत. फ्लॅट घेता येतो.

घर बाईच्या नावावर घेतलं तर आपल्याकडे स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, ती जरूर घ्या. (घर स्वतःच्या नावावर असण्याचं मोल बाईलाच कळतं.)

१२. पेन्शन, हयातीचा दाखला, मतदान, एसटीची सवलत, हे सगळं नवीन गावात कसं?

पूर्वीसारखं अवघड राहिलं नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच, आणि जीवन प्रमाणचं (हाच दाखला ऑनलाइन द्यायची सोय) आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, अंगठा उमटत नाही म्हणून रडायची गरज नाही. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८. एसटीत पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे फुकट (२०२२ पासून), बायकांना २०२३ पासून सरसकट अर्धं, पण हे सगळं महाराष्ट्राच्या हद्दीतच, बेळगाव-गोव्याला जाताना हद्दीपुढचे पूर्ण पैसे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली ती झाली.

१३. मेडिक्लेम नाहीये, आयुष्मान कार्ड गावात चालतं का?

सत्तर पूर्ण झाले असतील तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांचं कव्हर मिळतं, नवरा-बायको दोघं सत्तरच्या पुढे असले तर ते एका कुटुंबाला मिळून. आधारवर कार्ड निघतं. कार्ड देशात कुठेही चालतं पण यादीतल्या हॉस्पिटलातच, म्हणून ज्या गावी जाताय तिथलं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे आणि तुमच्या दुखण्याची ट्रीटमेंट त्यात देतात का, हे प्रश्न २ मधल्या फेरीतच विचारून घ्या. सीजीएचएसवाल्यांनी (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आणि माजी सैनिकांनी आपलं सेंटर किंवा पॉलिक्लिनिक किती लांब आहे ते बघून गाव ठरवावं.

१४. मुंबईचा फ्लॅट विकून टाकू की ठेवू?

पहिली दोन वर्षं ठेवा, भाड्यानं द्या. मुंबईत एकदा विकलं की परत तेवढंच घर घेणं बहुतेकांना जमत नाही. विकायचं ठरलंच तर कॅपिटल गेनचा हिशोब सीएकडून आधी करून घ्या. टॅक्स वाचवायचा तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं, बांधणार असाल तर तीन वर्षं.

आणि हे मी प्रत्येकाला सांगते, जिवंतपणी सगळं मुलांच्या नावावर करून मोकळे होऊ नका. मुलं वाईट असतात असं मी म्हणत नाही, माझा मुलगा लाखात एक आहे. पण मृत्युपत्र करता येतं की. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आमचा सांभाळ करेल या अटीवर दिलं असं त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर भांडणं फार अवघड जातं.

१५. गावातले लोक बाहेरच्यांना आपल्यात घेतात का?

घेतात, पण आपण जावं लागतं. साताऱ्यात पहिले दोन महिने मी कोणाशी बोलले नव्हते. मग वाचनालयात नाव घातलं. तिथल्या ताईंनी तिसऱ्या खेपेला विचारलं "कुठल्या तुम्ही?" आणि तिथून सुरू झालं. त्यांच्यामुळे भिशी, भिशीमुळे भजनी मंडळ, मंडळातल्या एकीची सून फिजिओथेरपिस्ट, ती आज ह्यांचा खांदा बघते. जवळपास प्रत्येक गावात ज्येष्ठ नागरिक संघ असतो, फेस्कॉम या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी जोडलेले कितीतरी आहेत, भाड्यानं राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यातच त्यांच्या सभेला जा. वाढदिवस, सहली, बीपी तपासणी, आणि कोणी दोन दिवस दिसलं नाही तर घरी जाऊन बघणं, हे सगळं तिथे होतं.

फक्त "आमच्या मुंबईत असं नसतं" हे वाक्य तोंडातून काढू नका. आणि दिवाळीचा फराळ आधी आपण पाठवायचा, डबा रिकामा परत येत नाही.

१६. मुलं परदेशात, त्यांना आमचं जाणं पटत नाहीये.

त्यांची काळजी खरी आहे, त्यांना ओरडू नका. त्यांना भीती एका फोनची असते. म्हणून त्या फोनची तयारी करून त्यांना दाखवा. आमच्याकडे फ्रिजवर एक कागद आहे, मोठ्या अक्षरात: १०८, डॉक्टर, हॉस्पिटल, खालच्या मजल्यावरचे दादा, रिक्षावाला, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. खाली दोघांची औषधं, ॲलर्जी, ब्लड ग्रुप. त्याचा फोटो मुलाकडे, किल्लीचा जोड शेजारी, आणि शेजाऱ्यांचा नंबर मुलाकडे. त्यानं शेजाऱ्यांशी एकदा व्हिडिओ कॉल केला आणि मग त्याचा विरोध बराच कमी झाला. विमानतळापासून चार-पाच तासांत पोचता येईल असं गाव असलं की मुलं लवकर तयार होतात हे पण खरं.

१७. यांना गावाला जायचंय, मला अजिबात नाही. काय करू?

हा प्रश्न बायकाच विचारतात, आणि हळू आवाजात. पुरुषाला गाव म्हणजे मोकळेपणा वाटतो, बाईला नव्या घरात तोच स्वयंपाक, वर पाहुणे, आणि तीस वर्षांच्या मैत्रिणी तुटलेल्या. मी ह्यांना एकच विचारलं होतं, दापोलीहून परत आल्यावर. तुम्ही नसाल तर मी या गावात एकटी राहू शकेन का? आणि मी नसेन तर तुम्ही? गाडी मला चालवता येत नाही. स्वयंपाक ह्यांना येत नव्हता. दापोलीचं उत्तर दोघांच्याही बाबतीत नाही आलं. साताऱ्यात चालत बँक, चालत डॉक्टर, चालत वाचनालय, पोळी-भाजीचा डबा देणाऱ्या दोन बाया गल्लीत, म्हणून सातारा.

तुम्ही पण दोघांनी वेगवेगळ्या कागदावर याचं उत्तर लिहा आणि मग एकमेकांचे कागद वाचा. नाही म्हणणाऱ्याला ओढून नेऊ नका, तो किंवा ती रोज ते बोलून दाखवणार. हो, आणि ह्यांना आता भात, आमटी, पिठलं येतं.

१८. मूळ गावी वडिलोपार्जित घर आहे, तिथेच गेलो तर?

त्यापेक्षा चांगलं काही नाही, पण आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत ते काढा. भाऊ, चुलतभाऊ, बहिणी, बहुतेक वेळा दहा-पंधरा निघतात. तुम्ही पैसे घालून छप्पर बदललं, बाथरूम बांधलं की मग हिस्सा आठवतो. वाटणी होऊन कागद झाल्यावर एक वीट लावा. आणि तीस-चाळीस वर्षांनी परत आलेल्या माणसाला गणपती-शिमग्याचा मान लगेच मागता येत नाही, दोन वर्षं मागच्या रांगेत उभं राहावं.

१९. गेलो आणि नाहीच जमलं तर लोक काय म्हणतील?

आम्ही दापोली सोडली तेव्हा म्हणालेच की. चार महिन्यांनी कोणाच्या लक्षात नव्हतं. म्हणूनच तर प्रश्न ५ आणि १४ चा आग्रह धरते, परत यायला घर असलं की परत येणं सोपं असतं.

२०. काकू, मी एकटीच आहे, मिस्टर मागच्या वर्षी गेले. मी नवीन गावी जाऊ का?

पहिलं वर्ष कुठेच जाऊ नका, काही विकू नका, कशावर सही करू नका. दुःखात माणसाला घर खायला उठतं आणि वाटतं गाव बदललं की बरं वाटेल, पण नव्या गावात त्यांना ओळखणारं कोणीच नसतं, त्यांचं नाव घ्यायलाही कोणी नसतं, आणि ते फार जड जातं. वर्षानंतर जावंसं वाटलं तर जिथे आधीपासून एक तरी जवळचं माणूस आहे, बहीण, नणंद, शाळेची मैत्रीण, त्या गावी जा, आणि तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत घर बघा. साताऱ्याचा विचार असेल तर कळवा, आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्यानं द्यायचाय, पूर्वेची खिडकी आहे, आणि समोरच्या आजी रोज सकाळी सातला दार वाजवून चहा घेतला का विचारतात.